मुंबईचे लाकूड, हार्टलपूलचा धक्का

विलायतेला जाऊन आलेला मराठी माणूस परत आल्यावर काय काय सांगणार, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ झाले आहे. लंडनचा मनोरा, राजवाड्यापुढची पहाऱ्याची अदलाबदल, शेक्सपिअरचे घर, झालेच तर स्कॉटलंडातला पाऊस. हार्टलपूलला जाऊन आलो असे सांगणारा गृहस्थ मला तरी अजून भेटलेला नाही. माझा भाचा मिडल्सबरोला डॉक्टर आहे. तिथून हार्टलपूल म्हणजे आगगाडीने अर्ध्या तासाची वाट. पण बारा वर्षांत तोही तिकडे एकदाच गेला होता, आणि तेही कुणाची तरी जुनी मोटार बघायला. मी जातो म्हटल्यावर त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"मामा, तिथे काय आहे?"

"आपलं गलबत आहे," मी म्हटले.

आता त्याला 'आपलं' म्हणावे की नाही, यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा. साहेबाच्या आरमारासाठी, साहेबाच्या पैशाने बांधलेले ते तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज आहे. नाव त्रिंकोमाली. पण बांधले मुंबईच्या गोदीत, बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, आणि लाकूड सागाचे. पाण्यात उतरले १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. ही तारीख वाचकांनी जरा थांबून वाचावी. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ ला. म्हणजे तिकडे पुण्यात खडकीच्या लढाईला चोवीस दिवस उरले होते आणि इकडे मुंबईच्या बंदरात हे जहाज पाण्यावर डुलू लागले होते. पेशवाई बुडाली, जहाज अजून तरंगते आहे. आज तरंगत असलेल्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत याहून जुने दुसरे नाही. नेल्सनची व्हिक्टरी वयाने मोठी खरी, पण ती १९२२ सालापासून पोर्ट्‌समथच्या कोरड्या गोदीत टेकून बसली आहे.

शिवाय मला या विषयाची थोडी घरची ओढ आहे. आमच्या आजोबांची जैतापूरच्या खाडीत एका मचव्यात चार आणे भागी होती. त्या चार आण्यांचे उत्पन्न घरात कधी दिसले नाही, पण त्या मचव्याच्या दुरुस्तीची बोलणी मात्र वर्षभर चालत.

हार्टलपूल गाव पाहून कुणी हरखून जाईल असे नाही. समुद्रावरून धुके आले की समोरचा दिवाही दिसत नाही. एके काळी इथे पोलादी आगबोटींची मोठी बांधणी चाले. ती १९६० च्या दशकाच्या आरंभीच थांबली. गावाची खरी कीर्ती एका माकडामुळे आहे. नेपोलियनशी लढाया चालू असताना इथल्या किनाऱ्यावर म्हणे एक फ्रेंच जहाज फुटले आणि त्यातून फक्त गणवेश चढवलेले एक माकड जिवंत निघाले. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. प्रश्न विचारले तर पाहुणा भलत्याच भाषेत चिरचिरतो, तेव्हा हा हेर असलाच पाहिजे, असे ठरवून त्यांनी त्याला फाशी दिले. दंतकथाच ही, पण आसपासचे लोक हार्टलपूलकरांना अजून 'माकडफाशे' म्हणतात आणि हार्टलपूलकर तो किताब ऐटीत मिरवतात. आपल्याकडे एवढ्यावर दोन मोर्चे निघाले असते.

जहाज उभे आहे ते जुन्या गोदीत. भोवती अठराव्या शतकातले बंदर म्हणून दुकानांची एक खोटी आळी उभारली आहे. त्या वेळचे कपडे घातलेली मंडळी तिथे हिंडत असतात. मला असले देखावे फारसे रुचत नाहीत. मी सरळ जहाजाकडे गेलो. नाळेवर पागोटेवाल्या गृहस्थाचा लाकडी पुतळा आहे. मिशी रुबाबदार, नजर थेट उत्तर समुद्रावर. थंडीने काकडलेल्या माणसाला परदेशात पागोटे दिसल्यावर काय वाटते, ते तिथे जाऊनच पाहावे.

आत माहिती सांगायला एक निवृत्त शिक्षक होते. हौसेने, बिनपगारी काम करणारे. मी मुंबईकडचा म्हटल्यावर त्यांनी बाकीचा घोळका सोडून माझाच ताबा घेतला. या जहाजाची कहाणीच मोठी नामी आहे. १८१२ साली मुंबईला मागणी गेली. मागोमाग नकाशे पाठवले, ते जावा नावाच्या जहाजातून. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी २९ डिसेंबर १८१२ ला अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावाला गाठले, हरवले आणि पुढे जाळून टाकले. नकाशे गेले. जावावर टॉमस हिस्लॉप नावाचा एक सेनापती होता. मुंबईच्या फौजेची सूत्रे घ्यायला निघालेला. तोही कैद झाला. पुढे सुटला, हिंदुस्थानात आला, आणि २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच. ब्राझीलपाशी कॉन्स्टिट्यूशनच्या तोफा जरा जास्त नेमक्या लागल्या असत्या तर होळकरांचे काय झाले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मास्तरांना मी तो सांगितला नाही.

या लढाईतली एक गोष्ट मात्र मास्तरांनी सांगितली आणि माझे लक्ष तिथेच अडकले. लढाईत कॉन्स्टिट्यूशनच्या सुकाणूचे चाक गोळा लागून उडाले होते. जावाला जाळण्यापूर्वी अमेरिकनांनी तिचे चाक उचकटले आणि आपल्या जहाजाला बसवले. शत्रूचे सोने-नाणे, निशाण हे सारे ठीकच. पण घरी परत जायचे तर आधी सुकाणूचे चाक लागते.

नकाशांचा दुसरा संच आला, आणि १८१६ साली काम सुरू झाले. पारशी रीतीप्रमाणे जमशेटजींनी तळाच्या मुख्य तुळईत नाव कोरलेला चांदीचा खिळा ठोकला. लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले १७३६ साली. त्यांच्यापासून ही विद्या घरात चालत आलेली. ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर १८४२ साली चीनने नानकिंगच्या तहावर सही केली, तेही जमशेटजींच्याच हातचे.

सागाचे एवढे कौतुक का, याचे कारण मास्तरांनी एका वाक्यात सांगितले. ओकच्या लाकडात टॅनिनचे आम्ल असते. ते लोखंडी खिळा खाते आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून कुजते. सागात तेल असते; ते खिळ्यालाही सांभाळते. गंमत म्हणजे, ओकची म्हणून जिचा अभिमान मिरवायचा ती व्हिक्टरीदेखील १९५० आणि ६० च्या दशकांत दुरुस्त करताना कुजक्या ओकच्या जागी पुष्कळ ठिकाणी सागच घातला होता. आता २०२२ पासून तिच्या फळ्या पुन्हा ओकच्या बसवताहेत.

मी खालच्या मजल्यावर वाकून एका फासळीवर हात ठेवला. दोनशे वर्षांचा साग. गुळगुळीत, काळसर, थंड. "हे मुंबईचं," मास्तर म्हणाले. मग वर डेकवर आलो. दोर, कप्प्या, दोर गुंडाळायच्या खुंट्या, जाळीदार झडपा, डोलकाठ्या. "आणि हे?" मी विचारले. "हे आमचं," ते हसले. जहाज मुंबईहून पोर्ट्‌समथला पोचले ३० एप्रिल १८१९ ला, आणि नेपोलियन हरून बसल्यामुळे काम नसल्याने लगेच त्यावर छप्पर घालून ते बांधून ठेवले. १८४५ पर्यंत ते तसेच होते. पुढे थोडी सागरी चाकरी केली, मोठी लढाई एकही नाही. मग पोरांना खलाशाचे शिक्षण देणारे जहाज झाले, १८९७ साली मोडीत निघाले, एका भल्या माणसाने विकत घेऊन वाचवले, नाव बदलले, आणि १९८७ साली एका मोठ्या तराफ्यावर घालून हार्टलपूलला आणले तेव्हा त्याला डोलकाठ्याही नव्हत्या. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे दुरुस्ती चालली. सांगाड्यातला साग पुष्कळसा टिकला होता. पण जे हलते, फिरते, घासते, ते सारे नव्याने घडवावे लागले.

मी एका कप्पीजवळ बराच वेळ उभा राहिलो. लहानपणी मचव्याच्या मोडक्या कप्पीशी खेळलेल्या माणसाला कप्पी दिसली की तिचे चाक फिरवून पाहण्याचा मोह आवरत नाही. त्या काळच्या एका मोठ्या लढाऊ जहाजाला अशा हजाराच्या घरात कप्प्या लागत. सगळ्या हातांनी घडवायच्या. शेवटी पोर्ट्‌समथला मार्क ब्रुनेलने त्यासाठी यंत्रे उभारली. १८०८ साली तिथे वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या निघत होत्या, आणि एकशेदहा कसबी कारागिरांचे काम दहा साधे मजूर करत होते. कप्पीचे घर एल्मच्या लाकडाचे, कारण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते सहसा चिरफाळत नाही. आतले चाक लिग्नम व्हायटी नावाच्या वेस्ट इंडिजमधल्या लाकडाचे. ते पाण्यात टाकले तर बुडते, आणि त्यात राळ इतकी असते की ते स्वतःचे वंगण स्वतःच पुरवते.

मी चाक फिरवताना पाहून मास्तर म्हणाले, "तुम्हाला यात गोडी दिसते. मग जहाज पुरे झालं. तिकडे माझा एक दोस्त आहे, त्याच्याकडे जा. चहा मात्र त्याच्याकडचा पिऊ नका."

तो दोस्त गोदीच्या पलीकडे, एका पत्र्याच्या पडवीत सापडला. सत्तरी ओलांडलेला, कानात पेन्सिल, हातात पटाशी. त्याचे नाव त्याच्या परवानगीशिवाय छापणे बरे नाही. आपण त्याला म्हातारबुवा म्हणू. पडवीत कोबल जातीची एक जुनी होडी लाकडी टेकूंवर बसवली होती. यॉर्कशरपासून स्कॉटलंडच्या वेशीपर्यंतच्या किनाऱ्यावर मासे मारायची ही होडी. फळ्या लार्चच्या, एकीवर एक चढलेल्या, कौलांसारख्या. फासळ्या ओकच्या. नाळ उंच आणि पाण्यात खोल. मागची बाजू मात्र पाटासारखी सपाट. लाटांतून किनाऱ्याला येताना ती उलटी वळवतात आणि पाठीकडून वाळूवर चढवतात, म्हणजे तोंड लाटांकडेच राहते. सुकाणू तर असे लांब की तळाच्याही खाली चांगले हातभर उतरते. शिडावर चालताना तेच तिला वाऱ्याने बाजूला सरकू देत नाही, आणि किनारा आला की ते काढून आत घ्यावे लागते. ही होडी त्याच्या वडिलांची. मध्ये तिला इंजिन बसले होते. म्हाताऱ्याने ते काढून पुन्हा शीड चढवले होते.

मी आलो तेव्हा तो लाकडी मोगरीच्या दांड्याने होडीचा काठ ठोकत चालला होता. टक्, टक्, टक्, आणि एके ठिकाणी थप्. तिथे त्याने खडूने फुली केली, आरी टोचली. आरी लोण्यात गेल्यासारखी गेली. त्याने टोक हुंगले आणि माझ्यापुढे धरले. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या माजघरासारखा वास.

"पावसाचं पाणी," तो म्हणाला. "होडी समुद्रानं कुजत नाही. पावसानं कुजते."

हे वाक्य मी आमच्या आजोबांच्या तोंडून शंभरदा ऐकले होते, जवळजवळ शब्दाला शब्द. खारे पाणी लाकूड मुरवते, गोडे पाणी कुजवते. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा हे वेगळे प्रकरण. त्याच्यासाठी आमच्याकडे तळाला चुना आणि तेल फासत, आणि वरच्या अंगाला मुशीचे तेल, ज्याच्या वासाने आमच्या आत्याला मळमळे. पण खरा शत्रू पाऊसच. म्हणून मृगाआधी मचवा ओढून वर घ्यायचा, झापांनी शाकारायचा, आणि नारळी पौर्णिमा झाल्यावर सुताराला बोलवायचे. मी हे म्हाताऱ्याला सांगितले. त्याने मान डोलावली आणि मला स्टुलावर बसायला सांगितले. त्या पडवीत स्टूल एकच होते.

काठाच्या कुजक्या जागी त्याने जे केले ते पाहण्यासारखे होते. कुजका भाग चौकोनी कापला नाही. शंकरपाळ्यासारखा कापला, दोन टोके तिरपी. त्याच मापाचा नवा तुकडा घडवला आणि बसवला. चौकोनी ठिगळ लावले तर सांधा लाकडाच्या तंतूंना आडवा येतो आणि तोडलेल्या टोकावर गोंद धरत नाही. तिरपा सांधा धरतो. मोठा सांधा असेल तर एक इंच जाडीच्या लाकडाला आठ ते बारा इंच लांबीचा तिरपेपणा द्यायचा. स्क्रू काशाचे. पितळेचे नकोत, कारण समुद्राच्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते. वरून स्क्रू धडधाकट दिसतो आणि पिळला की बिस्किटासारखा मोडतो. स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच, आणि बुचाचे तंतू फळीच्या तंतूंच्या दिशेला. एका बुचाची दिशा चुकली होती. त्याने ते उपटून पुन्हा बसवले. कोण बघणार होते?

होडीच्या दुसऱ्या अंगाला गेलो तर तिथे पोलादी वस्तू चमकत होत्या. दोर अडकवायची दोन शिंगांची खुंटी पोलादी, वल्हे अडकवायची खुंटीही पोलादी. "ही माझ्या भावाची हुशारी," म्हातारबुवा म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वी भावाने जुन्या लाकडी खुंट्या काढून या बसवल्या. झिजायच्या नाहीत म्हणून. खुंट्या झिजल्या नाहीत हे खरेच. त्यांच्याभोवतीचा ओकचा काठ मात्र पार फाकला होता आणि भोकांतून बोट आत जात होते.

"झिजायचं कुणी, हे आधी ठरवावं लागतं," तो म्हणाला. "दोर झिजला तर दोर बदला. खुंटी झिजली तर तासभर काम. काठ गेला तर आठवडा. फासळी गेली तर हिवाळा गेला."

मग त्याने मला जुनी लाकडी खुंटी दाखवली. तिच्या पोटात दोराने घासून चांगली बोटभर खोल खाच केली होती. खाच बघत मी उभा राहिलो. जहाजावरच्या त्या मुंबईच्या फासळीवर हात ठेवून मला सागाचा अभिमान वाटला होता, आणि तो काही खोटा नव्हता. पण ती फासळी दोनशे वर्षे टिकली यात तिच्या आसपासच्या किती खुंट्या, किती कप्प्या, किती घासपट्ट्या खपल्या असतील, त्यांचा हिशेब कुठे आहे? चांदीच्या खिळ्याची नोंद राहिली. मधल्या बंदरांतून कुणा सुताराने पावसात भिजत बसवलेल्या खुंटीची नोंद कोण ठेवतो! आमच्या मचव्याचा सुतार दर भाद्रपदात चार दिवस येई, बाभळीच्या नव्या खुंट्या घडवी, आणि आजोबा दरवर्षी त्याच्याशी मजुरीवरून भांडत. "गेल्या वर्षीच्या कुठं गेल्या?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्या कामाला आल्या होत्या, हे त्याचे ठरलेले उत्तर.

भावाच्या होडीचे काय झाले, असे मी विचारले. नव्वदच्या दशकात तिकडे समुद्रातली मासळी कमी झाली म्हणून होड्या कमी करण्याची सरकारी योजना निघाली होती. परवाना परत करणाऱ्याला पैसे मिळत, पण अट अशी की होडी मोडलीच पाहिजे. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. भावाला कर्ज होते. यंत्राच्या पंजाने धक्क्यावरच होडीचे तुकडे केले. "वीस मिनिटं लागली," म्हातारबुवा म्हणाले, आणि पटाशीला धार लावू लागले. आमचा मचवा कुणी मोडला नाही. रस्ते झाले, मालमोटारी आल्या, आणि एका पावसाळ्यात त्याच्यावर झापे घालायला कुणी गेले नाही. दोन वर्षांनी त्याच्या फळ्या गावातल्या एका गोठ्याला लागलेल्या मी पाहिल्या. गोठा चांगला टिकला.

दुपारी खरे काम निघाले. सुकाणूचा दांडा बदलायचा होता. जुना दांडा ॲशचा. क्रिकेटच्या यष्ट्या करतात तेच लाकूड, हिसका सोसणारे. सुकाणूच्या डोक्यातल्या खाचेत तो जिथे शिरतो तिथेच पाणी मुरून काळा पडला होता. पडवीच्या आढ्याला ॲशची एक लांब फळी टांगलेली होती. वडिलांच्या वेळची, वाळून हाडासारखी झालेली. आम्ही दोघांनी ती उतरवली. ती वल्ह्यांसाठी ठेवली होती, चौदा फुटांची. दांड्यासाठी त्यातली सहा फूट कापली की उरलेल्यात होडीजोगे वल्हे निघणार नाही.

"दुसरी आणा की," मी आपला सहज बोलून गेलो.

म्हातारबुवा फळीवर बसले. एल्मची झाडे त्या देशात एका रोगाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कोट्यवधींनी मेली. कप्पीच्या घरांचे लाकूड तिथेच संपले. आता २०१२ पासून ॲशवर वेगळी बुरशी आली आहे. लिग्नम व्हायटीच्या व्यापारावर जगभर निर्बंध आहेत, आणि चांगला साग त्याच्या ऐपतीबाहेर. अमेरिकेच्या आरमाराने कॉन्स्टिट्यूशनसाठी इंडियाना संस्थानात ओकचे रान राखून ठेवले आहे. चाक पळवणाऱ्यांनी पुढचा विचार केला, असे म्हणायला हरकत नाही. पण बापाच्या होडीसाठी रान कोण राखणार?

"पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून दांडा करता येत नाही का?" मी विचारले. मला वाटले आता हा जुन्या विद्येवर व्याख्यान देणार.

"येतो. चांगला होतो. नवा गोंद लाकडापेक्षा मजबूत आहे." तो थोडा वेळ फळीकडे पाहत राहिला. "पुढच्या वेळी तेच करीन."

मग त्याने माप घेतले. पुन्हा घेतले. जुना दांडा फळीवर ठेवला, पेन्सिलीने कडा ओढली, दांडा उचलला, पुन्हा ठेवला. गाठ कुठे आहे पाहिली, तंतू कुठून कुठे जातात ते बोटाने चाचपले. मला दुसरे टोक धरायला सांगितले. मी आयुष्यात कारकुनी केली. चौदा फुटी फळीचे टोक धरण्याचा तो पहिलाच प्रसंग. करवत चालू झाली तेव्हा त्याने एकदाही वर पाहिले नाही. कापलेला आठ फुटी तुकडा माझ्या हातात आला, तो मी भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. चहा आला. मास्तर खरे बोलले होते.

रंधा मारून, कानस लावून संध्याकाळी दांडा तयार झाला. हाताशी गोल, सुकाणूकडे चौकोनी. मी तो हातात धरला; वजन असे तोललेले की उचलल्यासारखा वाटत नव्हता. निघताना मी त्या खाच पडलेल्या जुन्या खुंटीकडे बोट दाखवले आणि म्हटले, मोडकीच आहे, मला आठवण म्हणून द्याल का?

"नाही," म्हातारबुवा म्हणाले. "तिच्यावरून नवी करायची आहे."

मग त्याने दांडा सुकाणूच्या खाचेत घालून पाहिला. अर्धा आत गेला आणि अडला. मला वाटले आता मोगरीचे दोन ठोके. त्याने काढून घेतला. नुकते कापलेले लाकूड दोन दिवसांत थोडे हलते, मग रंधा लावायचा, असे म्हणून त्याने दांडा आढ्याला दोरीने टांगला, वल्ह्याची फळी होती त्याच जागी. मी सव्वापाचच्या गाडीने मिडल्सबरोला परतलो. भाच्याने विचारले, गलबत कसे होते? मी जहाजाबद्दल सांगायला लागलो आणि दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आले की मी सुकाणूच्या दांड्याबद्दलच बोलतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे विमान होते.